माझी बढती

आमच्या घरात दोन पोथ्यांचे वाचन मोठ्या भक्तिभावाने होत असे. एक पंचांग आणि दुसरी प्राथमिक शिक्षकांची ज्येष्ठता यादी. पंचांग सासूबाईंचे, यादी माझी. पंचांगातले ग्रह निदान फिरत तरी असतात. यादीतली माणसे मात्र वर्षानुवर्षे एकमेकांच्या पाठीमागे उभी, रॉकेलच्या रांगेत उभी राहावीत तशी. पुढचा हलला तर मागचा हलणार.

मी डी.एड. होऊन १९९१ साली शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या बाजूला, शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा त्या यादीत माझा क्रमांक चार आकडी होता. ठाणे जिल्हा तेव्हा केवढा थोरला! तलासरीपासून माळशेज घाटाच्या पायथ्यापर्यंत. तेवढ्या मुलखातले सगळे जुने गुरुजी आणि सगळ्या जुन्या बाई माझ्या पुढे उभ्या. आमचे हे एस.टी.त कंडक्टर. त्यांनी यादीवरून एकदा बोट फिरवले आणि म्हणाले, "तुझा नंबर लागेपर्यंत गाडी डेपोत जमा व्हायची."

बढतीला लोक शिडी म्हणतात. मला ती कधी शिडी वाटली नाही. शिडीला पायऱ्या असतात आणि त्या आपण चढायच्या असतात. आमच्याकडे पायऱ्या कागदावर भरपूर. उपशिक्षक, मग पदवीधर शिक्षक किंवा मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, मग विस्तार अधिकारी, आणि त्याच्याही वर गटशिक्षणाधिकारी. पण मुख्याध्यापकाची खुर्ची तरी कुठे मांडून ठेवली आहे? दीडशेपेक्षा अधिक मुले असतील त्या प्राथमिक शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक. आमच्या वाडीच्या शाळेत शिक्षक दोन आणि मुले छत्तीस. तिथे जो जुना त्याच्याकडे कपाटाच्या किल्ल्या, एवढाच काय तो हुद्दा. केंद्रप्रमुख हे पद तर निर्माणच झाले १९९४ साली, आणि तेही साधारण दहा शाळांमागे एक.

वर जागा नाही म्हणून खालचा माणूस खचू नये, यासाठी एक तोड काढलेली आहे. बारा वर्षे झाली की वरिष्ठ श्रेणी आणि चोवीस वर्षांनी, तेही काही जणांनाच, निवड श्रेणी. खुर्ची तीच, खडू तोच, फक्त पगार थोडा वरचा. ही कल्पना १९८३ साली चट्टोपाध्याय यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या राष्ट्रीय शिक्षक आयोगापासूनची. आमच्या शिक्षकांनी त्या विद्वान गृहस्थांच्या नावाची पार गोधडी करून टाकली. "अमक्या बाईंना चटोपाध्याय लागली का?" "नाही, त्यांचं प्रशिक्षण राहिलंय." मला २००३ साली लागली. त्या रात्री ह्यांनी ती बातमी घरात मोठ्याने सांगितली तेव्हा सासूबाई माजघरातून धावत आल्या. "अगं बाई! आणि औषध काय म्हणाले?"

हे सगळे हसण्यावारी नेता येते. एक गोष्ट मात्र नेता येत नाही, आणि ती मी आजवर कुणापाशी बोललेली नाही.

यादीत वर सरकण्याचे मार्ग तीन. पुढचा बढती घेऊन जातो, पुढचा निवृत्त होतो, किंवा पुढचा मरतो. पहिले दोन आधी कळतात. जन्मतारीख यादीत छापलेलीच असते, अठ्ठावन्न मिळवायचे की झाले. तिसरा छापलेला नसतो. एका पावसाळ्यात मी किन्हवलीच्या बाजारात मेथीची जुडी निवडीत उभी होते, तोच ओळखीच्या एका बाईंनी सांगितले की, आमच्या भागातले एक जुने गुरुजी गेले. मी "अरेरे" म्हटले. पण ते "अरेरे" तोंडातून निघायच्या आधी माझ्या मनाने एक आकडा वजा केलेला होता.

हे तेच गुरुजी, ज्यांनी मला नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात ओढा ओलांडायला शिकवले होते. मी मूळची गावठाणातली; वाडीला जाताना मध्ये भरलेला ओढा आला की माझे पाय लटपटत. ते म्हणाले होते, "बाई, पाण्याकडं बघायचं नाही. पलीकडच्या उंबराकडं बघायचं." पुढे कितीतरी वर्षे मी उंबराकडे बघून तो ओढा ओलांडला. आणि त्यांच्या जाण्याची बातमी ऐकून मी काय केले, तर वजाबाकी. दहाव्याला त्यांच्या घरी गेले, त्यांच्या पत्नीशेजारी बसले, त्यांचा हात हातात घेतला. पण तो आकडा काही डोक्यातून जाईना. बाहेर अंगणात एक सहकारी चपला घालता घालता हळूच म्हणाला, "बाई, आपण एकेक घर सरकलो बरं का." मी त्याच्यावर एवढी चिडले की तो बिचारा गोंधळून गेला. मी का चिडले ते वाचकांना सांगायला नको.

तरी पण या रांगेला मी सरसकट नावे ठेवणार नाही. रांग नसते तेव्हा काय असते? वशिला. विलायतेतल्या सरकारी कचेऱ्यांत तोच चालत असे. १८५४ साली नॉर्थकोट आणि ट्रेव्हेलियन या दोघांनी अहवाल देऊन सांगितले की, परीक्षा घेऊन माणसे घ्या आणि गुण पाहून बढती द्या. बोलणे लाख मोलाचे. पण गुण पाहणार कोण आणि कसे? आमच्या मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते. मोठा गुरांचा बाजार. तिथे बैल घेणारा बैलाचे दात बघतो, खांदा चाचपतो, चार पावले चालवून बघतो, मग पैसे काढतो. पहिलीच्या मास्तरणीला कुणी कसे चालवून बघावे? तिचे पीक उगवते वीस वर्षांनी, आणि तेही भलत्याच शेतात. तेव्हा मला वाटे, रांगच बरी. रांगेत उभ्या असलेल्या बाईला कुणाकडे बघून हसावे लागत नाही.

आता माझ्या शाळेविषयी थोडे सांगते.

वाडी ठाकरांची, कडेला चार झोपड्या कातकऱ्यांच्या. माहुलीचे सुळके एका अंगाला दिसत. मला पहिलीचा वर्ग मिळाला आणि तो मी अट्टाहासाने शेवटपर्यंत सोडला नाही. सुरुवातीला तक्त्यावर 'घ घड्याळाचा' असे होते. वाडीत कुणाच्याच घरी तेव्हा घड्याळ नव्हते. मुले तोंडाकडे बघत. एक दिवस एका पोराने पायवाटेवर घोणस पाहिल्याचे सांगितले आणि वर्गात एकच गलका झाला. प्रत्येकाला घोणशीची एकेक गोष्ट ठाऊक. मी तक्ता उलटा केला आणि फळ्यावर लिहिले, 'घ घोणशीचा'. तो 'घ' त्या दिवशी सगळ्या वर्गाला आला. मग 'म' मोहाचा, 'प' पळसाचा, 'क' करवंदाचा, 'ट' टेंभुर्णीचा. मी काही मोठी शिक्षणशास्त्रज्ञ नव्हे. पण सहा वर्षांचे पोर जूनमध्ये खांबाला मिठी मारून रडत येते आणि होळीपर्यंत भिंतीवरचे सरकारी घोषवाक्य मोठ्याने वाचते, यासारखे दुसरे सुख मी पाहिले नाही. ते माझ्या हाताला जमे. हे मी आता निवृत्त झाल्यावर संकोच न करता सांगू शकते.

आणि दुसरे एक काम होते, जे कुठल्याच कागदावर नव्हते. भात कापून झाले, दिवाळी सरली, की भिवंडी-कल्याणच्या बाजूच्या वीटभट्ट्यांचे ट्रक येत. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे त्यात बसून जात आणि त्यांच्याबरोबर माझा अर्धा वर्ग. म्हणून दरवर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी वाडीत जाई. फराळाचा डबा घेऊन प्रत्येक घरी बसायचे, आजीला पटवायचे. "तुम्ही पोरीला ठेवून घ्या, दुपारचं जेवण शाळेत आहे, रात्रीचं तेवढं तुम्ही बघा." कुणी ऐकत, कुणी नाही. पण ज्या घरी आजी "बरं बाई" म्हणे, ते पोर वाचले.

(आमच्या तालुक्यातून बढती मिळून मुंबईला गेलेले आणि तिकडेच मानाने राहिलेले एकच : पाणी. तानसा १८९२ पासून जाते आहे, पाठोपाठ भातसा गेली. वाडीतल्या बाया मात्र एप्रिल-मेमध्ये हंडा घेऊन डोंगर उतरतात. असो.)

२०१४ साली १ ऑगस्टला पालघर जिल्हा वेगळा झाला. पंधरापैकी आठ तालुके तिकडे गेले, यादी मधोमध फाटली, आणि माझ्या पुढचे कितीतरी जण एकाएकी माझ्या पुढे राहिले नाहीत. कुणीही न मरता. मला त्याचे फार बरे वाटले.

दोन वर्षांनी, २०१६ च्या दिवाळीत, वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी चकल्या पाडीत होते तेव्हा फोन आला. केंद्रप्रमुखपदाच्या बढतीत माझे नाव होते. रिकाम्या जागांची यादी समोर ठेवणार, त्यातली एक मी निवडायची. शहापुरातल्या जागा माझ्या पुढच्यांनी घेतल्या असत्या. उरणार होती ती मुरबाडकडची, सरळगावच्या पलीकडची.

आनंद झाला नाही असे मी म्हणणार नाही. पंचवीस वर्षे यादीवर बोट ठेवून बसलेल्या बाईला आनंद कसा होणार नाही? मी सोऱ्या खाली ठेवला आणि सासूबाईंना वाकून नमस्कार केला. त्यांनी तोंड भरून आशीर्वाद दिला आणि मग विचारले, "म्हणजे आता शाळा तुझ्या हाताखाली?"

"अकरा शाळा," मी म्हणाले.

"अगो बाई! आणि शिकवायची कोणत्या शाळेत?"

"आता शिकवायचं नाही, सासूबाई. देखरेख करायची."

त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. "मग शिकवायची नाहीस तर करायचीस काय गं दिवसभर?" असे म्हणून त्यांनी कढईतली चकली उलटली.

त्या प्रश्नाचे उत्तर मी पुढे साडेसात वर्षे शोधीत होते.

रात्री ह्यांच्याशी बोलणे काढले. इथे मागची एक गोष्ट सांगायला हवी. कंडक्टरचा वाहतूक नियंत्रक होतो. गाडी सोडून स्टँडवरच्या खिडकीत बसायचे, गाड्यांची नोंद करायची, भोंग्यावरून ओरडायचे. ह्यांनाही ती बढती एकदा चालून आली होती, आणि ह्यांनी ती सरळ नाकारली. "गाडी सुटताना आपण खाली उभं राहून बघायचं, हे आपल्याला जमणार नाही," एवढेच कारण. तेव्हा घराचे कर्ज डोक्यावर होते. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलले ते न बोलले असते तर बरे, असे बोलले. "माणसाला पुढं जायची हिंमत लागते," असे काहीतरी. ते गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच गाडीने मी शाळेला गेले तर नेहमीप्रमाणे माझ्यापाशी येऊन म्हणाले, "सुटे द्या." साऱ्या गाडीत सुट्या पैशांसाठी त्यांनी कधी अडवून धरले असेल तर ते मलाच. बायकोचे तिकीट फाडले नाही असे कुणी म्हणू नये, याचा त्यांना भारी ध्यास.

तर त्या रात्री मी विचारले, "अहो, मी काय करू?"

"माझ्या वेळी तू सांगितलं होतंस," ते म्हणाले, "हिंमत लागते म्हणून. आता तुझ्या वेळी मी काय सांगू?"

बोलण्यात कडवटपणा नव्हता. त्यामुळेच ते जास्त लागले. मला आता 'नको' म्हणायची सोय राहिली नाही. मी बढती घेतली त्याची कारणे कुणी विचारली तर मी अनुभव, जबाबदारी, अकरा शाळांचे भले असे बरेच काही सांगत असे. खरी कारणे दोन. एक, मला ती खुर्ची हवी होती. दुसरे, नाकारणाऱ्या नवऱ्याला मी जे बोलले होते ते मला परत घ्यायचे नव्हते.

पैशाचे म्हणाल तर गंमतच झाली. आदिवासी भागात काम करणाऱ्याला तिथे असेपर्यंत वरच्या पदाचा पगार मिळतो. त्याला एकस्तर म्हणतात. शहापूर तालुका सगळाच अनुसूचित क्षेत्रात, मुरबाडातली मात्र काही गावेच. माझे नवे केंद्र त्या गावांत नव्हते. तेव्हा बढतीने एका हाताने दिले ते एकस्तर गेल्याने दुसऱ्या हाताने गेले. राहिलेला फरक एवढा की, तो एस.टी.च्या पासात संपला.

त्या वर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी वाडीत गेले नाही. कागदपत्रांची जुळवाजुळव चालली होती. नंतर गेले ती निरोप घ्यायला. माझ्या जागी नवे कुणी येईपर्यंत बरोबरच्या तरुण गुरुजींवर सगळा भार पडला. ते बिचारे चार वर्ग सांभाळणार की घरोघर फिरणार? त्या हंगामात सात मुले भट्टीवर गेली. मी असते तर सातही राहिली असती, असे मी म्हणत नाही. तीन-चार राहिली असती. त्यांतली एक, पहिलीतली, 'घ' नुकताच शिकलेली. ती पुन्हा शाळेत आली नाही.

मुरबाडच्या बाजूला मी हळूहळू रुळले. केंद्रप्रमुखाचे काम काय, तर माहिती. वरून माहिती मागवतात, ती खाली मागवायची. खालून आली की वर पाठवायची. पटाची माहिती, पोषण आहाराच्या तांदळाची माहिती, शौचालयांची माहिती, आधारची माहिती, माहिती वेळेवर का आली नाही याची माहिती. पूर्वी ती टपालाने जाई तेव्हा निदान पोस्टमनची वाट तरी बघायची. आता व्हॉट्सअॅपवर रात्री दहाला येते आणि सकाळी दहापर्यंत हवी असते. लॉरेन्स पीटर नावाच्या एका कॅनडातल्या गृहस्थांनी १९६९ साली एक पुस्तक काढले. त्यात त्यांनी सांगितले की, काम जमणाऱ्या माणसाला वर चढवीत नेतात, आणि जिथे त्याला काम जमेनासे होते तिथे तो थांबतो. तीच त्याची कायमची जागा. हे पीटर मूळचे शिक्षक होते असे समजल्यावर मला त्यांच्याविषयी एकदम घरोबा वाटला. मला ते काम अगदीच जमले नाही असे नाही. माझी माहिती वेळेवर जाई.

शाळाभेटीला गेले की मुले उभी राहून एका सुरात "नमस्ते" म्हणत. गुरुजी खुर्ची पुसून देत. आणि माझ्या पाठीमागे वर्गाचा आवाज बंद होई. पंचवीस वर्षे मी वर्गात होते तेव्हा साहेब आले की माझाही आवाज असाच बंद होत असे. तो आवाज बंद करणारी बाई आता मी होते.

असे असताना २०१७ च्या जुलैत एका लहानशा शाळेत गेले. पाऊस धो-धो पडत होता. कौलांवरच्या आवाजात मी आल्याचे आत कुणाला कळले नाही, म्हणून दारातच उभी राहिले. तिसरी-चौथीचा वर्ग. शिक्षिका तिशीची. ती फळ्यापाशी नव्हती, मागे मुलांत मांडी घालून बसली होती. फळ्यापाशी होता भट्टीवरून परत आलेला एक मुलगा. अशी मुले जूनमध्ये येतात ती मुकी होऊन येतात. सहा महिन्यांचे सगळे बुडालेले, वर्ग पुढे गेलेला. हा मुलगा मात्र फळ्यावर विटा काढीत होता. भट्टीवर मजुरी हजार विटांमागे असते. त्यामुळे दहाच्या रांगा किती झाल्या म्हणजे शंभर आणि शंभराचे थर किती म्हणजे हजार, हे त्याला हाताने ठाऊक होते. तो बाकीच्यांना समजावून सांगत होता, आणि बाई मागून अडाण्यासारखे विचारीत होती, "मग मधली एक वीट फुटली तर? आता किती राहिल्या?" साऱ्या वर्गाने बोटे मोडमोडून वजाबाकी केली. तो मुलगा खुदकन हसला आणि म्हणाला, "फुटलेली शेठ धरतच नाही."

मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. पदर भिजला होता.

मग "नमस्ते" झाले, खुर्ची पुसली गेली, आणि माझ्यापुढे शेरेबुक आले. भेट देणाऱ्याने त्यात शेरा लिहायचा असतो. मी पेन उघडले आणि थांबले. काय लिहू? असा वर्ग मी कधी पाहिला नाही, असे लिहावे? ते वर जाईल. वर गेले की या बाईला प्रशिक्षणाला बोलावतील, तज्ज्ञ म्हणून दुसऱ्या केंद्रात पाठवतील, समितीवर घेतील. चांगल्या शिक्षकाचे चांगलेपण कळले की त्याला वर्गाबाहेर काढायचे, यापलीकडे कौतुकाची दुसरी रीत मी पाहिली नव्हती. आणि वाडीतली ती सात मुले काही माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. मी लिहिले, "शाळेस भेट दिली. उपस्थिती समाधानकारक. छपराची दुरुस्ती आवश्यक." खाली सही केली.

पुढे सात वर्षांत त्या शाळेत मी पुष्कळ वेळा गेले. दर वेळी वर्ग पाहिला, दर वेळी छपराविषयी लिहिले. छप्पर शेवटी दुरुस्त झाले.

मी २०२४ साली निवृत्त झाले. निवृत्त झाल्यावर एका दुपारी हीच बाई शहापूरला आमच्या घरी आली. हातात मिठाईचा पुडा. केंद्रप्रमुखाच्या काही जागा आता विभागीय परीक्षेने भरतात. त्या परीक्षेला बसायचे तिच्या मनात होते, जुनी परिपत्रके माझ्यापाशी असतील तर हवी होती. मी गठ्ठा काढून दिला. चहा झाला. ती उठली, पुन्हा बसली आणि म्हणाली, "बाई, एक विचारू? रागावू नका."

"विचार की."

"तुम्ही इतक्या वेळा आलात. माझ्या वर्गाविषयी एक ओळदेखील कधी लिहिली नाहीत. दुसऱ्या शाळांत तुम्ही लिहिलेलं मी वाचलंय. मला वाटायचं, माझं काय चुकतं? दोन वर्षं मी ते गोष्टी-बिष्टी सगळं बंद केलं होतं. नुसतं पुस्तक शिकवत होते. वाटलं, बाईंना तसं आवडत असेल."

ह्यांनी वर्तमानपत्र खाली घेतले.

मी तिला कारण सांगितले. तू वर्गातच राहावीस म्हणून, असे सांगितले. ते खोटे नव्हते. ती ऐकून घेत होती, मान हलवीत होती, आणि तिच्या तोंडावरून मला दिसत होते की, हे कारण तिच्या काही कामाचे नाही. ती दोन वर्षे काही त्याने परत येणार नव्हती. आणि आणखी एक कारण होते ते मी तिला सांगितले नाही. त्या पावसात दारात उभी असताना मला जे वाटले ते निव्वळ कौतुक नव्हते. माझ्या हातात खडू नव्हता आणि तिच्या वर्गातल्या पोराच्या हातात होता, हेही त्यात होते. रांगेत उभ्या असलेल्या बाईला कुणाकडे बघून हसावे लागत नाही, असे मी मघाशी म्हटले. पण मागच्याकडे वळून दोन शब्द बोलायलाही तिला सुचत नाही.

"मग आता परीक्षेला बसू का नको?" तिने विचारले.

मी ह्यांच्याकडे बघितले. ते म्हणाले, "मला विचारू नका. आमच्या घरात असल्या बाबतीत सल्ला देत नाहीत."

ती हसली, मीही हसले. मग मी टेबलाच्या खणातून आखीव कागद काढला आणि लिहायला बसले. पाऊस, कौले, विटा, तो मुलगा, फुटलेली वीट, तिने मागे बसून विचारलेले प्रश्न, जेवढे आठवत होते तेवढे सगळे. दोन पाने झाली. खाली सही केली. पदनाम लिहायची सवय अजून हाताला होती. ते लिहून झाले आणि मग लक्षात आले, म्हणून त्याच्याआधी 'निवृत्त' घातले.

"तारीख राहिली, बाई," ती म्हणाली.

मी त्या दिवशीचीच तारीख घातली. तिने कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि परिपत्रकांच्या गठ्ठ्यात न ठेवता पर्समध्ये ठेवला. एव्हाना ह्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितले होते. सात वर्षे झाली ह्यांना निवृत्त होऊन, तरी शहापूर स्टँडवरून सुटणारी गाडी ह्यांच्या कानात सुटते.

"किन्हवलीवरून सरळगावला जाणारी आता लागली असेल," ते म्हणाले. "लवकर निघा. आणि सुटे असू द्या."